मागचा डावा दरवाजा

गेल्या वैशाखात, परीक्षांच्या दिवसांत, कॉलेजच्या वाहनतळावर कुणाच्या तरी दुचाकीचे हँडल माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाजाला घासून गेले आणि वीतभर लांबीचा पांढुरका ओरखडा उठला. दुखणे किरकोळ होते; पण नव्या गाडीवरचा पहिला ओरखडा डोळ्यांत खुपतोच, म्हणून दुसऱ्याच दिवशी माधवनगर रस्त्याकडच्या एका डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गाडी नेली. पत्र्याची शेड, दारात चिंचेची सावली, थिनरचा नाकात चढणारा वास आणि जुन्या वर्तमानपत्रांनी काचा झाकलेल्या दोन गाड्या. साठीकडे झुकलेले ते गृहस्थ ओरखड्याकडे बघेनातच. ते मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि सुतार फळीची धार बघतो तसे दरवाजांच्या रांगेवरून पुढपर्यंत बघत राहिले. मग तळहात फिरवला. मग खिशातून फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक काढून आधी पुढच्या दरवाजाला लावला, नंतर मागच्या. पुढे तो चटकन चिकटला; मागे, कडीच्या खाली, ओल्या साबणासारखा घसरला. “ताई, ह्या दाराला आधी एकदा काम झालंय. आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय,” ते म्हणाले. मी म्हटले, शक्यच नाही. गाडी नवी घेतलेली आहे, माझ्याखेरीज कुणी चालवत नाही आणि आजवर कुठे टेकलेलीही नाही. त्यांनी वाद घातला नाही. दार उघडून रबराची पट्टी नखाने उचलली आणि तिच्याखाली रंगाची बारीक, उंच कड दाखवली, चिकटपट्टी लावून रंग मारल्यावर राहते तशी. मग बिजागरीच्या बोल्टवरचा, पान्याने खरवडलेला रंग दाखवला. “कंपनीत पाना असा घसरत नाही,” एवढेच म्हणाले.

गाडी घरी येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते.

ती घेतली होती २०२३ च्या दसऱ्याला. दसऱ्याच्या दिवशी शोरूममध्ये जाऊन आलेल्यांना ते दृश्य ठाऊक असेल: झेंडूची तोरणे, चाकांखाली ठेवलेली लिंबे, दर दहा मिनिटांनी एकेका गाडीवरून ओढला जाणारा लाल कपडा, टाळ्या, पेढे, आणि फोटोसाठी हातात दिली जाणारी पुठ्ठ्याची हातभर किल्ली. माझ्यामागे आणखी तीन कुटुंबे मुहूर्त धरून उभी होती. विक्रीचे काम बघणारा मुलगा चोविशीचा असेल. त्याने इंजिनाबद्दलची सगळी माहिती माझ्या मेहुण्यांना सांगितली आणि रंगाबद्दलची सगळी मला, पण आईला खुर्ची आणून देताना तो मनापासून वाकला, तिला ‘आजी’ म्हणाला, तिच्यासाठी बिनसाखरेची कॉफी आणवली. मग कागद आले. “इथं सही करा मॅडम, इथं, आणि इथं.” मी अकरा सह्या केल्या. त्यातल्या एका कागदावर, गाडी तपासून घेतली असून ती सुस्थितीत मिळाली, असे लिहिले होते. त्या क्षणापर्यंत गाडीवर लाल कपडा होता.

मी ग्रंथपाल आहे. वाचकाने पुस्तक परत आणले की मी पाने चाळते, शिवण बघते, नकाशा फाडून नेलेला नाही ना याची खात्री करते, आणि मगच पावती देते. दोनशे रुपयांच्या पुस्तकासाठी. त्या दिवशी मात्र जन्मात एकदाच जमवलेल्या रकमेची वस्तू मी तिच्याभोवती एक फेरीही न मारता ताब्यात घेतली. अज्ञान म्हणावे, तर तेही नव्हते. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मला रीतसर यादी करून दिली होती: गाडी आदल्या दिवशी उजेडात, स्टॉकयार्डातच बघा; सतरा अंकाक्षरांचा चॅसी क्रमांक कागदांशी ताडून बघा; उत्पादनाचा महिना विचारा; टायरवरची तारीख वाचा; किलोमीटर किती झालेत ते बघा; विमा बाहेरून घेता येतो, डीलरकडूनच घेतला पाहिजे असे कुणी म्हणाले तर ऐकू नका. ती यादी चार घड्या घालून माझ्या पर्समध्ये होती. कॉफीचा कप हातात असताना ती बाहेर काढणे मला जमले नाही. ज्या मुलाने आईचा हात धरून तिला तीन पायऱ्या चढवल्या, त्याच्यासमोर कागद उघडून ‘आता जरा चॅसी क्रमांक बघू’ म्हणणे मला त्याच्या तोंडावर चोर म्हटल्यासारखे वाटले. विमाही मी तिथलाच घेतला, बाहेरच्यापेक्षा बारा-तेरा हजारांनी महाग असल्याचे माहीत असताना. निघताना तो म्हणाला की कंपनीतून फोन येईल, मॅडम, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह जातो. आठवड्याने फोन आला आणि मी दहा दिले.

भीड ही भिकेची बहीण, असे आमच्याकडे म्हणतात. म्हण मला तोंडपाठ होती, हे सांगायला हवे.

तरी सगळे भिडेवर ढकलणे खरे होणार नाही. त्या लाल कपड्याखाली काही खोट निघावी असे मला वाटतच नव्हते, आणि जे निघू नये असे वाटते ते माणूस शोधत नाही. आईच्या हातातले निरांजन, मेहुण्यांनी धरलेला मोबाइल, मुहूर्ताची उलटत चाललेली घटिका, यांत जर मी गुडघ्यांवर बसून दरवाजाची कड बघितली असती आणि मला ती रंगाची रेघ दिसली असती, तर पुढे काय? गाडी नाकारून, ओवाळणीचे ताट तसेच घेऊन, सगळे रिक्षाने घरी गेलो असतो? शोरूमची सारी मांडणी, तो कपडा, ती किल्ली, त्या टाळ्या, तपासणी आणि आनंद यांच्यातून एकच निवडायला लावते; मी आनंद निवडला आणि ते मला कुणी जबरदस्तीने करायला लावले नव्हते.

रंगाऱ्याने दाखवलेली ती कड बघून आल्यावर मी शोरूमच्या व्यवस्थापकांना भेटले. थंडगार केबिन, काचेपलीकडे फिरत्या चौथऱ्यावर नवी गाडी. ते अतिशय सभ्यपणे बोलले, आणि सभ्य माणसाशी भांडणे किती अवघड असते ते मला पुन्हा कळले. दरवाजाला काम झालेले नाही, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. झाले आहे, असेही म्हणाले नाहीत. माझी फाइल मागवून घेतली. त्यातल्या विक्रीच्या दाखल्यावर उत्पादनाचा महिना जुलै होता, म्हणजे कारखान्यातून ट्रेलरवर चढून आल्यापासून दसऱ्यापर्यंत गाडी कुठल्यातरी यार्डात ऊन-पाऊस खात उभी असणार आणि तिथे शेजारच्या गाडीचे दार उघडताना लागले असणार, हे मी मनाशी जुळवत होते. तेवढ्यात त्यांनी तो अकरापैकी एक कागद माझ्यासमोर फिरवला. “मॅडम, गाडी आपण बघून घेतलेली आहे.” मराठीत ‘बघून घेणे’ हा फार सोयीचा प्रयोग आहे. तो तपासण्यासाठीही वापरतात, आणि गल्लीत भांडण लागले की ‘तुला बघून घेईन’ म्हणूनही वापरतात. त्या केबिनमध्ये पहिला अर्थ बोलला जात होता आणि दुसरा मला ऐकू येत होता. मग त्यांनी सद्भावनेपोटी, हा शब्द त्यांचाच, दरवाजा पुन्हा रंगवून द्यायची आणि वर सगळ्या गाडीला कोटिंग करून द्यायची तयारी दाखवली. मी कळवते म्हणून उठले. दाराशी भिंतीवर पाटी होती: आमच्या कुटुंबात आपले स्वागत.

रागावलेला ग्रंथपाल दुसरे काय करणार? मी संदर्भविभागात जाऊन कायद्याची पुस्तके काढून बसले. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ चा, त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे ठाऊक होते. मला जायचे होते त्याच्या मागे, मुळाशी. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात एक विलक्षण तरतूद सापडली. असा माल विकण्याचाच ज्याचा व्यवसाय आहे त्याच्याकडून वर्णनावरून माल घेतला, तर तो विक्रीयोग्य दर्जाचा असेल हे न बोलताही गृहीत असते. पण खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्यापुरते ते गृहीत राहत नाही. म्हणजे ज्याने बघितलेच नाही त्याचा हक्क शाबूत, आणि ज्याने बघितले त्याने नीट बघायला हवे होते. मी बघितले नव्हते, पण बघितले म्हणून सही केली होती. दोन्हींकडून हरण्याची ही युक्ती मी एकटीने शोधून काढली असेल असे वाटत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाचे प्रकरणही वाचले. त्याने २०११ मध्ये त्या वर्षीच्या गाडीचे पैसे मोजले आणि डीलरने त्याच्या गळ्यात २००९ मध्ये बनलेली, ६२२ किलोमीटर धावलेली गाडी मारली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की, कंपनी आणि डीलर हे आपापले स्वतंत्र धनी आहेत. डीलरने काय केले ते कंपनीला माहीत होते असे सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला त्यात ओढता येणार नाही. ज्या कंपनीच्या नावावर विश्वास ठेवून आपण दुकानाची पायरी चढतो, ती पायरीपाशीच आपला हात सोडते. दहा वर्षे तो माणूस त्या एका गाडीपायी कागद जमवत राहिला असणार.

पण मला खरे अडवले ते १८७२ च्या करार कायद्याने. सतरावे कलम कपटाचे. त्यात म्हटले आहे की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम होईल अशा गोष्टीबद्दल नुसते मौन बाळगणे हे कपट नव्हे. मात्र बोलणे हे कर्तव्यच असेल, किंवा ते मौन बोलण्याच्याच तोलाचे असेल, तर गोष्ट वेगळी. आणि मग जुन्या कायद्यांच्या छान रीतीप्रमाणे खाली उदाहरणे दिली आहेत. पहिले: एकजण दुसऱ्याला लिलावात घोडा विकतो, घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही, हे कपट नाही. दुसरे: घेणारी ही त्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे, इथे नात्यामुळे सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. तिसरे: घेणारा म्हणतो, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन,” आणि विकणारा गप्प राहतो, हे मौन म्हणजे बोलणेच. दीडशे वर्षांपूर्वीचे तीन घोडे ग्रंथालयाच्या टेबलावर येऊन उभे राहिले. दुसरे उदाहरण वाचून मला हसू आले. भिंतीवर ‘कुटुंबात स्वागत’ लिहायचे, आईला आजी म्हणायचे, आणि खोट सांगायची वेळ आली की लिलावातल्या परक्यासारखे पहिल्या उदाहरणात जाऊन बसायचे, हे काही खरे नव्हे.

घोड्यावरून मला बैल आठवले. आमचे मूळ गाव आटपाडी तालुक्यातले, आणि आजोबांचे बोट धरून मी खरसुंडीच्या जत्रेतल्या खिलारांच्या बाजारात गेलेली आहे. आठ-नऊ वर्षांची असेन. तापलेली धूळ, शेणाचा आणि कडब्याचा वास, रंगवलेली शिंगे, आणि उपरण्याखाली हात घालून बोटांनी चाललेला भाव. घेणारा बैलाचा ओठ वर करून दातांवरून वय बघायचा: आदत की दुसा, दुसा की चौसा. मग खांद्यावर हात, खुरांखाली बोट, चार पावले चालवणे, जू ठेवून बघणे. हे सगळे घेणाऱ्याने करायचे आणि विकणाऱ्याने कासरा धरून शांत उभे राहायचे. त्यात कुणाचाच अपमान नव्हता. उलट दात न बघता घेणाऱ्याला लोक हसले असते, आणि बघू न देणाऱ्याच्या दावणीपाशी पुन्हा कुणी फिरकले नसते. त्या वर्षी आजोबांनी विकलेला बैल बशा होता. दुपारी औतात बसकण मारायचा. हे घरात सगळ्यांना माहीत होते, मलाही. गिऱ्हाइकाने दात बघितले, चालवून बघितला, आणि शेवटी विचारले, “काय खोड?” आजोबा म्हणाले, “दुपारचा बसतो.” भाव उतरला. परतताना मी विचारले, की तुम्ही सांगितले कशाला. ते म्हणाले, “इचारल्याबगार सांगू नगं, आन् इचारलं तर लपवू नगं.” त्यांना तो करार कायदा कुणी वाचून दाखवलेला नसणार, तरी पहिले आणि तिसरे उदाहरण त्यांना पाठ होते. त्यांनी न विचारता सांगायला हवे होते का, हा प्रश्न मी त्या वयात विचारला नाही, आणि आता उत्तर द्यायला ते नाहीत.

मात्र ते तिसरे उदाहरण वाचताना माझ्यासमोर आलेला चेहरा आजोबांचा नव्हता, आणि त्या व्यवस्थापकांचाही नव्हता.

नवी गाडी घेताना मी जुनी त्याच शोरूममध्ये एक्स्चेंजला दिली होती. ती २०१४ ची, पांढरी, एमएच १० पासिंगची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सांगलीत शामरावनगरात राहत होतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही आईला घेऊन विश्रामबागला मावशीकडे निघालो ते रात्री, कमरेच्या पाण्यातून. गाडी तिथेच राहिली. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा तिच्यात सीटच्या पट्ट्यांपर्यंत गाळ होता. ओळखीच्या मेकॅनिकने फोनवरूनच बजावले होते की किल्ली फिरवायची नाही, त्यामुळे इंजिन वाचले. त्याने सीटा काढल्या, गालिचा गच्चीवर वाळवला, खालचा नमदा फेकून दिला, तारांचे जोड एकेक करून पुसले. सर्व्हेअरची वाट बघत अख्खे शहर रांगेत होते, म्हणून मी विम्याचा दावा केलाच नाही. त्यामुळे कुठल्याही दफ्तरात त्या पाण्याची नोंद नाही. गाडी पुढे चार वर्षे उत्तम चालली. फक्त दर मृगात, पहिल्या पावसात एसी लावला, की नदीच्या गाळाचा तो वास काही मिनिटे यायचा. आणि मागचा डावा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर त्यावर मातकट रेघ दिसायची. धुऊनही ती गेली नव्हती.

जुन्या गाडीची किंमत ठरवायला आलेला माणूस चांगला जाणकार होता. त्याच्याकडे टॉर्च होता, आणि मी माझ्या नव्या गाडीसाठी जी पंचवीस मिनिटे दिली नाहीत ती त्याने माझ्या जुन्या गाडीला दिली. बॉनेट, डिकी, टायर, सगळे बघितले. पुढचे दोन्ही पट्टे ओढून बघितले, मागचे नाही. मग फॉर्म भरताना वर न बघताच तो म्हणाला, “सांगलीची गाडी म्हटली की पुराचं विचारावंच लागतं. तुम्ही विश्रामबागच्या दिसताय, म्हणजे पाण्यातली नसणार. नाही असंच धरतो.” पत्ता विश्रामबागचाच होता, पुरानंतर आम्ही तिकडे राहायला गेलो होतो. मी आईकडे वळले आणि तिला पाणी हवे का विचारले.

इतकेच झाले. खोटा शब्द मी एकही उच्चारला नाही. आईने माझ्याकडे क्षणभर बघितले, आणि पाणी नको म्हणाली.

नंतरच्या कागदपत्रांत मात्र मी चोख होते. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या कोऱ्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सही करायला मी साफ नकार दिला. नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी दफ्तरी मालकाच्याच माथी येते, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मी वाचलेला होता. गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याची नोंद परिवहन खात्याच्या पोर्टलवर करण्याचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे, तो मी त्या मुलाला सांगितला, पोच मागितली आणि मिळवली. त्या वेळी भीड आडवी आली नाही. जिथे माझी मान अडकू शकत होती तिथे मी तीन-तीनदा विचारले. जिथे दुसऱ्या कुणाची अडकणार होती, तिथे मला आईची तहान आठवली.

महिन्याभराने त्याच शोरूमच्या जुन्या गाड्यांच्या यादीत मी तिचा फोटो बघितला होता. चकाकत होती. खाली लिहिले होते: सिंगल ओनर, लेडीज-ड्रिव्हन, अपघातमुक्त. तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला होता. पुराबद्दल तिथे काहीच लिहिलेले नव्हते, आणि लिहिणाऱ्याला ते माहीतही नव्हते. त्याने ती जागा माझ्या मौनावर विश्वास ठेवून कोरी सोडली होती. तो धंद्यातला माणूस, त्याने मागचा पट्टा ओढायला हवा होता, असे मी स्वतःला बरेच दिवस सांगत राहिले. करार कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात त्याला आधारही मिळाला: साधी काळजी घेऊन सत्य शोधता आले असते, तर कपटी मौनाच्या तक्रारीवरही करार मोडता येत नाही. सोयीचे कलम मला किती लवकर सापडले! मग लक्षात आले की त्याच कलमाने तो सभ्य व्यवस्थापकही सुटतो; रबराची पट्टी नखाने उचलायला मला कुणी अडवले होते? आणि ज्याने ती पांढरी गाडी घेतली, त्याला पट्टा ओढायला कुणी अडवले होते? त्याच्याही हातात कॉफी असेल. त्याच्याही आईला कुणीतरी पायऱ्या चढवल्या असतील.

दरवाजा अजून तसाच आहे. शोरूमचे दोन फोन येऊन गेले, कोटिंगसाठी गाडी कधी पाठवता म्हणून. मी दोन्ही वेळा कामात असल्याचे सांगितले. आयोगाकडे तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत असते. ती खरेदीपासून मोजायची की रंगाऱ्याने रबर उचलले तेव्हापासून, यावर वाद घालता येईल असे वकील मैत्रीण म्हणते. तक्रारीचा मसुदा मी तीनदा लिहायला घेतला. प्रत्येक वेळी ‘सामनेवाले यांनी ही बाब हेतुपुरस्सर लपवून ठेवली’ या वाक्यापाशी आले की पेन थांबते.

परवा, मृगाचा पहिला पाऊस झाला त्या रात्री, मी एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर जुन्या गाडीचा क्रमांक टाकला. विमा चालू आहे. पीयूसी चालू आहे. मालक क्रमांक: दोन. नावाच्या जागी पहिले अक्षर, मग चांदण्यांची रांग, मग आडनावाचे पहिले अक्षर आणि पुन्हा चांदण्या.